पहिलं वर्ष मामाकडं

१८ जून
सीईटीचा निकाल लागला! एक्क्याण्णव पर्सेंटाइल. उज्वलानं मोबाइल तीनदा बंद करून चालू केला, तरी आकडा तोच. पर्सेंटाइल म्हणजे काय ते मला अजून नीट कळत नाही. एवढं कळतं की पोरगी आता माझ्यासारखी मशीनवर वाकून लोकांचे ब्लाऊज शिवणार नाही.

बी. फार्मसी करायचं म्हणते. लातूरला. बिलोलीत राहून काही व्हायचं नाही हे तिनं मला सांगायला नको. मी बावीस वर्षं इथंच आहे.

२४ जून
मुलींना शिक्षण शुल्क माफ आहे. पेपरात वाचून हे एकदम खूश. "म्हंजे फुकटच हाय की!" मग मी यादी काढली — हॉस्टेल, मेस, डिपॉझिट, पुस्तकं, पांढरा कोट, गादी, येणं-जाणं. काटकसर करूनसुद्धा साठ हजारांच्या खाली येत नाही. ते कुणी माफ करत नाही.

यादी बघून हे म्हणाले, "बघू." आडतीवर मुनीम आहेत, दुसऱ्याचे लाखो रुपये मोजतात, घरात आले की 'बघू'. लग्न झाल्यापासून ऐकतेय. त्यात पुढं काही दिसलं, असं कधी झालं नाही.

३ जुलै
बजरंग आला होता! देगलूरहून मोटारसायकलवर, पेढे घेऊन. भाचीला जवळ घेतलं, डोळ्यात पाणी. माझा धाकटा भाऊ आहे, पण आप्पा गेल्यापासून मोठ्यासारखा वागतो.

चहा झाल्यावर विषय काढला. त्याला ट्रॅक्टर घ्यायचाय. सातबाऱ्यावर माझंही नाव आहे, बँकवाले अडवायलेत. "अक्का, तू हक्कसोड करून दिलीस तर माझं काम होतंय." बोलताना पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. त्याला मागायची लाज वाटली ते मला बरं वाटलं.

मी म्हटलं, देते की. माहेरची जमीन मला काय करायची! माहेर राहिलं म्हणजे झालं. आमच्या आत्यांनी असंच दिलं, आईनं असंच दिलं. तेव्हा तो पटकन म्हणाला, "मग उज्वलाचं पहिलं वर्ष माझ्याकडं. हॉस्टेल, मेस, समदं. मामा कशाला असतंय?"

हे बाजेवर बसून ऐकत होते. मी मात्र दिवसभर गुणगुणत होते, उज्वला हसत होती मला.

५ जुलै
महामायाताईला सांगितलं. शेजारीण, आमच्या बचत गटाची सचिव, सरकारी दवाखान्यात नर्स. तिची लेक लुंबिनी नांदेडला विद्यापीठात शिकते, त्यामुळं फॉर्म, दाखले, तारखा सगळं तिला तोंडपाठ. उज्वलाचे कागद तिनंच लावून दिलेत — उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स.

ती म्हणाली, "सिंधू, सही करण्याआधी त्याच्याकडून दोन ओळी लिहून घे."

भावाकडून लिहून घ्यायचं! मग राखी तरी कशाला बांधायची, पावतीच फाडावी. मी हसण्यावारी नेलं. ती हसली नाही.

२१ जुलै
देगलूरला रजिस्ट्री झाली. अंगठा, फोटो, सही, परत अंगठा. साहेबानं विचारलं, "स्वखुशीनं देताय ना?" मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार, भाऊ समोर उभा.

फोटोच्या रांगेत मी दीड तास. हे आणि बजरंग बाहेर चहाला जाऊन आले. नंतर वहिनीनं पुरणाचं जेवण घातलं, साडी नेसवली. मोरपंखी. मला शोभते म्हणाली.

पैशाचं कुणी काढलं नाही. अजून कॉलेज लागायचंय, घाई कसली.

२ ऑगस्ट
लातूरच लागलं! पंचवीस तारखेच्या आत हॉस्टेलचे पैसे भरायचे. बजरंगला फोन केला, कॉलेज लागल्याचं सांगितलं. लई आनंद झाला म्हणाला. बास. एवढंच म्हणाला.

९ ऑगस्ट
राखी. देगलूरला जाऊन आले. ओवाळलं. ताटात पाचशेची नोट टाकली त्यानं. दरवर्षीसारखी.

दिवसभर वाट बघितली. आत्ता काढेल, जेवण झाल्यावर काढेल, स्टँडवर सोडताना काढेल. बस लागली. शेवटी मीच म्हटलं, "पंचवीसला भरायचेत हॉस्टेलचे." ह्याच्यापुढं मला बोलता येईना. भावाजवळ हात पसरायचा तरी कसा!

तर म्हणतो कसा, "दाजी हायत की अक्का. तू कशाला घोर करायलीस?"

दाजी आहेत! म्हणजे तुझा नवरा बघेल. हसत म्हणाला वर! सगळ्या वाटेत मी खिडकीकडं तोंड करून बसले. हा माझा बजरंग. मी ह्याला कडेवर घेऊन शाळेत सोडायचे.

१० ऑगस्ट
काहीच शिवलं नाही आज.

१२ ऑगस्ट
ह्यांना सांगितलं, तुम्ही तरी विचारा त्याला. म्हणाले, "तुझा भाऊ. मी काय बोलू? जावयानं मागितलं तर बरं दिसतंय का?" मग थोड्या वेळानं — "मी आधीच म्हणत होतो, औशाचं ते स्थळ वाईट न्हाई. पोरगा नोकरीला हाय. कशाला एवढा आटापिटा?"

उज्वला आत पीठ मळत होती. तिचे हात थांबलेले मला दिसले.

औशाचं स्थळ गेलं खड्ड्यात. पोरगी लातूरला जाणार.

१८ ऑगस्ट
गटाकडून साठ हजार उचलले. महामायाताईनं बैठकीत स्वतः विषय मांडला. कुणी खळखळ केली नाही. दोन वर्षं हप्ता. दिवाळीच्या आधी चाळीस ब्लाऊज शिवायचे म्हणजे डोळे जातील, जाऊ देत.

ताईनं एका शब्दानं म्हटलं नाही, की मी सांगितलं होतं. तिनं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. भांडले तरी असते.

२३ ऑगस्ट
लातूर. पैसे भरले. खोली दुसऱ्या मजल्यावर, तिघींत एक. बाजारातून गादी, बादली, कुलूप, दोरी घेतली. कुलपाच्या दोन किल्ल्या, एक मी ठेवून घेतली. कशाला ते माहीत नाही.

निघताना उज्वला म्हणाली, "आई, मामावर एवढं चिडू नको गं." मी म्हटलं, तू अभ्यास कर. माझ्या रागाचं मी बघते.

परतीच्या गाडीत खूप रडले. शेजारच्या बाईनं विचारलं, पोरगी सासरला घातली का? मी म्हटलं, नाही, शिकायला घातली. ती म्हणाली, मग रडतीस कशाला!

२८ ऑगस्ट
माहेरच्या तलाठ्याची नोटीस आली. हक्कसोडीचा फेरफार लावायचाय, हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे.

नोटीस हातात घेऊन किती वेळ बसले. म्हणजे अजून झालेलं नाही. अजून अडवता येतं!

ह्यांना दाखवली. वाटलं, म्हणतील जाऊ दे. पण चष्मा लावून दोनदा वाचली. म्हणाले, "हरकत टाक. सोडू नको." आणि स्वतः अर्ज लिहायला बसले. मुनीमाचं अक्षर, मोत्यासारखं. 'माझ्या भावाने मुलीच्या शिक्षणाचा खर्च करण्याचे खोटे वचन देऊन, फसवणुकीने माझी सही घेतली. त्याने आजतागायत एक रुपयाही दिलेला नाही.' वाचून दाखवलं. एकेक शब्द माझ्या मनातला. बावीस वर्षांत हा माणूस पहिल्यांदा माझ्या बाजूनं उभा राहिला. मला गहिवरून आलं.

महामायाताईला विचारावं असं मनात आलं. विचारलं नाही.

२९ ऑगस्ट
अर्ज दिला. पोच घेतली. सही ठसठशीत केली.

५ सप्टेंबर
बजरंगचे फोन. सकाळपासून चार. उचलले नाहीत. आता का? नोटीस मिळाली असेल, ट्रॅक्टर अडकला असेल. राखीच्या दिवशी तोंड शिवलं होतं का?

मग ह्यांना फोन केला त्यानं. हे बोलत बोलत बाहेर रस्त्यावर गेले. आल्यावर म्हणाले, "शिव्या देत होता. तू नंबर ब्लॉकच करून टाक." कसं करायचं ते मला येत नव्हतं, ह्यांनीच करून दिलं.

८ सप्टेंबर
वहिनी मुखेडला एका बारशात भेटली. समोरून आली, मला बघून बाजूला वळली. वळली तर वळली. मी मुद्दाम पहिल्या पंगतीला बसले. चार बायकांना सांगितलं, भावानं कसं फसवलं ते. ऐकणाऱ्या बायका हळहळल्या. मोरपंखी साडी भांडेवालीला द्यायची ठरवलीय.

घरी येऊन मात्र जेवण गेलं नाही. राग आहे तोवर ठीक असतं. राग जरा ओसरला की त्याचं लहानपणचं तोंड आठवतं, आणि मग नुसतं दुखतं.

१४ सप्टेंबर
दुपारी उज्वलाचा फोन. मामा हॉस्टेलवर येऊन गेला. शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा देऊन गेला. हरकतीचं एक अक्षर काढलं नाही. जाताना एवढंच विचारलं म्हणे, "रजिस्ट्रीच्या दिवशी दाजींकडं साठ हजार दिले होते, ते पुरले का गं? अक्काच्या हातात दिले असते तर दाजींना कमीपणा वाटला असता."

हे जेवत होते. विचारलं. मान वर न करता म्हणाले, "बँकेत हायत. पोरीच्या लग्नाला लागतील." आणि भाकरी मागितली.

मी वाढली!

आणि माझा भाऊ लबाड आहे असं मी सरकारी कागदावर सही करून दिलंय.