वरचे चित्र न पुसण्याबाबत

प्रति,
मा. उपायुक्त (अडकलेला माल),
सीमाशुल्क कार्यालय, बंदर विभाग.

विषय : अर्जदाराच्या पेटीतील तैलचित्राच्या वरच्या थरास हात न लावणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचे पत्र, ज्यात अर्जदाराचा उल्लेख "सदर लेपनकर्ता" असा आहे.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज, ज्यांना उत्तर नाही.

महोदय,

अर्जदार हा व्यवसायाने चित्रकार असून, हे लिहिताना तो आजही थोडा चाचरतो, याची कृपया नोंद घ्यावी.

१. अर्जदाराने उमेदीची सगळी वर्षे परदेशात काढली आणि पत्नी गेल्यावर कायमचे घरी परतायचे ठरविले. सामानाची एक लाकडी पेटी त्याने बोटीने पाठविली. तीत ब्रश, दोन कोट, पत्नीचे शिवणयंत्र व एकच चित्र होते. चित्रात त्याची पत्नी खिडकीशी बसून शर्टाला बटण लावीत आहे. शिवणयंत्र सोडण्यात आले. चित्र आपल्या गोदामात असून येत्या सोमवारी ते पुसण्यात येणार आहे.

२. हा प्रसंग अर्जदाराने स्वतःच ओढवून घेतला, हे तो नाकारीत नाही. तपासणीच्या वेळी आपल्या निरीक्षकांनी चित्राची कड चाचपून "हे एवढं जाड कसं?" असे विचारले. "असंच" एवढे उत्तर पुरले असते. परंतु अर्जदाराच्या रंगात इतका रस कोणा सरकारी माणसाने आजवर घेतला नव्हता, त्यामुळे त्याला चेव आला. हातात पैसे नसले की चित्रकार जुन्याच कापडावर नवे चित्र काढतो, आणि ह्याच्याही खाली एक चित्र आहे, हे त्याने उभ्या उभ्या समजावून सांगितले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चित्र क्ष-किरण यंत्रात घालण्यात आले व पत्नीच्या मागून एक अंगण, दोरीवरच्या ओल्या चादरी आणि कलंडलेली बादली दिसू लागली. निरीक्षक म्हणाले, "आजोबा, वरच्यापेक्षा खालचंच बरं आहे की." ते मनाने चांगले आहेत. त्यांच्याविरुद्ध अर्जदाराची तक्रार नाही.

३. त्या अंगणाची छायाप्रत, पेटी ज्या देशातून आली तेथील संग्रहालयाकडे गेली. तेथील तज्ज्ञांनी कळविले की, हे त्यांच्या देशातील कोणा अज्ञात थोर कलावंताचे काम आहे. चादरीवरचा असा ओला उजेड त्याच मातीत जन्मलेल्याला धरता येतो, परक्याला नाही. सबब हा त्यांचा राष्ट्रीय ठेवा असून, त्यावरील "नंतरचे हौशी लेपन" काढून तो परत करावा. आपल्या कार्यालयाने लगेच होकार दिला. दोन देशांचे इतके झटपट जमल्याचे अर्जदाराने त्याच्या प्रवेश-परवान्याच्या वेळी कधी पाहिले नव्हते.

४. आता खरी गोष्ट सांगणे भाग आहे. खालचे चित्रही अर्जदाराचेच आहे.

५. अर्जदाराचे पहिले शिक्षण मामांकडे झाले. मामा दुकानांच्या पाट्या रंगवीत. "पाटी लांबून वाचता आली पाहिजे, तुझी कला घाल चुलीत," हे त्यांचे धोरण होते, तरी भाच्याला परदेशातील कलाशाळेत जागा मिळाली तेव्हा आपला एकुलता चांगला कोट त्यांनीच त्याच्या अंगावर चढविला. तेथे अर्जदार एका धोबिणीच्या घरी पोटमाळ्यावर राहिला. खाली अंगणात चादरी वाळत, वर त्याचे रंग वाळत. शेवटच्या वर्षी परीक्षेसाठी त्याने तेच अंगण काढले. गुरुजी, ज्यांना मुले पाठीमागे "थंडोबा" म्हणत, चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "ह्यात तुझं काहीच नाही. सगळं आमचं आहे." अर्जदार नापास झाला.

६. नापास चित्रे जिन्याखाली टाकीत आणि ज्याला कापड हवे तो ती उचलून नेई. अर्जदाराने स्वतःचेच उचलले. ही त्याची चोरी की काटकसर, हा मुद्दा पुढे उद्भवला आहे.

७. कारण अर्जदाराने कलाशाळेस पत्र लिहिले. उत्तर आले की, त्या वर्षीची सर्व नापास चित्रे नष्ट केल्याची नोंद आहे, म्हणजे असे चित्र अस्तित्वात नाही. आणि असल्यास विद्यार्थ्यांचे काम ही संस्थेची मालमत्ता असल्याने, ते जवळ बाळगणाऱ्यावर कारवाई होऊ शकते. तेव्हा चित्र अर्जदाराचे ठरले तर तो चोर, आणि न ठरले तर लेपनकर्ता. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्हींवर सरकारी शिक्के.

८. आपल्या कार्यालयाने अर्जदारास एक संधी दिली, हे मान्य करणे न्यायाचे होईल. त्यास टेबलाशी बसवून कागद-पेन्सिल देण्यात आली व "तसंच अंगण पुन्हा काढून दाखवा" असे सांगण्यात आले. अर्जदाराचा हात अलीकडे थरथरतो. चादरीची पहिलीच रेघ पायरीपायरीने खाली उतरली. निरीक्षकांनी हळूच कागद काढून घेतला आणि "राहू द्या, आजोबा, चहा घ्या," असे म्हणाले. फायलीत "नमुना जुळत नाही" अशी नोंद आहे. खरे आहे, जुळत नाही. विशीतल्या हाताशी अर्जदाराचे आता काहीच जुळत नाही.

९. नंतरच्या कारकिर्दीविषयी लिहिण्यासारखे थोडे आहे. परदेशात चित्रे घेऊन तो दुकानोदुकानी गेला की म्हणत, "तुमच्या देशातलं काहीतरी काढा, आमच्यासारखं कशाला काढता?" एकदा हौसेने मायदेशी प्रदर्शन भरविले, तर येथील जाणकार म्हणाले, "हे सगळं तिकडचं. आपलं ह्यात काय आहे?" मामा प्रदर्शनाला आले, एकेका चित्रापासून लांब जाऊन उभे राहिले आणि "दिसतं बाबा लांबून," एवढेच बोलले. अर्जदाराची हीच एक स्तुती. पुढे निवृत्तीपर्यंत तो बिस्किटांच्या डब्यांवर डोंगर, तळे आणि झोपडी रंगवीत असे. धड ना इकडचा, ना तिकडचा. आता मात्र त्याच्या चित्राला राष्ट्रीय ठेवा म्हणत आहेत, आणि तो आपला आहे एवढे सांगायला गेले तर गुन्हा होतो. नशिबाला थट्टेसाठी दुसरे कोणी मिळत नसावे.

१०. तथापि खालच्या चित्राचे श्रेय अर्जदारास नको. ते कोणालाही द्यावे. प्रश्न वरच्या चित्राचा आहे.

११. अर्जदाराची पत्नी कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करी. परक्या भाषेत ती फक्त "लांब", "आखूड" आणि "परवा या" एवढेच बोले, पण गिऱ्हाइके तिलाच मागत. आजारपणात एका रविवारी तिला जरा बरे वाटले. दुकाने बंद, घरात नवे कापड नाही, म्हणून अर्जदाराने अंगणाचे जुने चित्र माळ्यावरून खाली घेतले. ती म्हणाली, "अहो, त्याच्यावर कशाला? बरं होतं की ते." अर्जदार म्हणाला, ते नापास झालेले आहे. ती म्हणाली, "मग मी तरी कुठे पास झालेय?" आणि नुसते बसायचे म्हणजे वेळ फुकट, म्हणून तिने शर्ट मांडीवर घेतला. पुढचे काही रविवार ती अशीच बसली. शेवटच्या रविवारी डावा हात राहिला होता. तो अर्जदाराने नंतर, खुर्ची रिकामी असताना, आठवणीने पुरा केला. तो नीट जमलेला नाही, हे तज्ज्ञांना सांगावे लागणार नाही.

१२. तिचे दुसरे चित्र नाही. छायाचित्र काढताना ती डोळे मिटी, आणि पारपत्रावरच्या छायाचित्रात चोरी करताना पकडल्यासारखी दिसते. बटण लावताना खालचा ओठ दातात धरलेली ती फक्त आपल्या गोदामात आहे. अर्जदाराला तिची फार आठवण येते. अर्जात असे लिहावयाचे नसते, याची त्यास कल्पना आहे.

सबब विनंती की,

(अ) वरचे चित्र पुसू नये. खालचे अंगण इतकी वर्षे थांबले आहे, ते अर्जदाराच्या हयातीपुरते आणखी थांबेल. त्यानंतर दोन्ही देशांनी खुशाल पुसावे.

(ब) करारामुळे ते शक्य नसल्यास, पुसण्याचे काम अर्जदारास द्यावे, मजुरी नको. आपले तंत्रज्ञ नियमाप्रमाणे वरच्या कोपऱ्यातून सुरुवात करतील, म्हणजे पहिल्याच तासात कपाळ जाईल. अर्जदार आधी भिंत घेईल, मग खुर्ची, मग शर्ट. चेहरा शेवटी घेईल, आणि तो घेताना कोणी घड्याळ दाखवू नये.

(क) तेही नियमात बसत नसल्यास, आणि एव्हाना अर्जदाराला वाटू लागले आहे की बसणार नाही, पुसून झाल्यावर कापसाचे बोळे कचऱ्यात टाकू नयेत. त्यांना केस, ओठ, पातळ असा तिचा सगळा रंग लागलेला असेल. ते अर्जदारास मिळावेत. त्या बोळ्यांवर कोणत्याही देशाने हक्क सांगितल्याचे अर्जदाराच्या ऐकिवात नाही.

कळावे. तसदीबद्दल राग नसावा.

आपला, नाइलाजाने नम्र,
(सही, थोडी हललेली)
अर्जदार

ठिकाण : आपल्याच कार्यालयाबाहेरील बाक
दिनांक : सोमवारच्या आधीचा शुक्रवार

सोबत :
१. कलाशाळेच्या उत्तराची प्रत.
२. पत्नीचे पारपत्रावरील छायाचित्र (परत मिळावे).
३. कापसासाठी कापडी पिशवी, धुतलेली.