पिवळी शेवंती

भातकुली. शके १७८६, मार्गशीर्ष शु. ३
अकोल्याहून काचेवर छबी काढायचा मसाला आला एकदाचा. एक बाटली गाडीतच सांडली. माय म्हणते, "कापसाले सोन्याचा भाव आला, अन् माह्या पोरानं काचा घेतल्या." बोलू दे. मसाल्यानं बोटं काळी, मन खूश.

शु. ५
सौ.ची छबी काढली. नथ, शालू, अंबाड्यात पिवळ्या शेवंतीची वेणी. बिचारीनं पापणी हलवली नाही. काच धुतली तर वेणी गायब! पिवळा रंग मसाल्याला काळाच दिसतो. केसांत मिसळून गेला. आधी ठाऊक असतं तर...
"डोक्यात एक फूल नाही? मी काय..." पुढचं गिळलं तिनं. दारात सखू उभी होती.
माझी धाकटी बहीण. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नवरा तापानं गेला, तेव्हापासून इथंच.
रात्री भाजीत मीठ नव्हतं. मागितलं नाही.

शु. ६
परसातली पांढरी शेवंती घालून सौ.ची पुन्हा काढली. फूल न् फूल उमटलं. भाजीत मीठ आहे.

शु. ८
सखू काचा पुसायला आली. "दादा, पिवळं फूल कोनालेच नाही दिसत?"
"नाही."
"मंग माही काढ."
मी मठ्ठ, मला उशिरा कळलं. विधवेच्या केसांत फूल! कुणी पाहिलं तर भावकी मायला जगू देणार नाही. नाही म्हणणार होतो. तोंडातून हो निघालं.

शु. ९
माय देवळात गेल्यावर परसात काढली. पिवळं फूल सखूनंच खोवलं. काचेवर साधं लुगडं, मोकळं कपाळ, काळे केस. फूल नाही. हसू मात्र उमटलंय. किती वर्षांनी!

शु. ११
मायनं सखूची छबी मागितली. खिडकीशी धरून बराच वेळ पाहिली. मग हळूच म्हणाली, "शेवंती शोभत होती तिले."
म्हणजे माय देवळातून लवकर परतली होती, गोठ्याआडून सगळं पाहिलं होतं!
"तू रागावली नाहीस?"
"काहून रागावू?" काच पदरानं पुसली. "पांढऱ्या शेवंतीले दोन-चार कळ्या आहेत अजून." अन् गाईला चारा घालायला गेली.
सखूला अजून सांगितलं नाही. मसाला एका काचेपुरता उरलाय.