निवांत रविवारी मागे लागलेली म्हैस

कोल्हापूर, मध्यवर्ती बस स्थानक
सोमवार, दि. ३ फेब्रुवारी २००३, सकाळचे ८ वाजून २० मिनिटे. बाकावर बसलो आहे, पायाखाली दोन पिशव्या दाबून धरल्या आहेत (त्यांतली एक माझी नाही).

तीर्थस्वरूप शशिधर दाजींना श्रीशैलचे शरणार्थ. तुमचा गुडघा कसा आहे? अक्काचा खोकला गेला का? गुळाचा भाव चढल्याचे इथे कळले, त्यावरून तुमची तब्येत उत्तम असणार असे धरून चालतो. मीही बरा आहे. फक्त डावा खांदा दुखतो, त्याचे कारण पुढे म्हैस आली की सांगतो.

शिवरात्रीपर्यंत नोकरी कायम झाली नाही तर मुकाट्याने गडहिंग्लजला येऊन दुकानाच्या गल्ल्यावर बसायचे, हे तुमचे म्हणणे मी विसरलेलो नाही. हे पत्र त्याच संदर्भात आहे. आमच्या कारखान्यात इटलीहून नवे मशीन यायचे आहे आणि ते बसवायला श्री. फाबिओ (नाव त्यांच्याकडूनच लिहून घेतले आहे, चूक नको) शनिवारी आले. वय पंचावन्नच्या आसपास, पोट तुमच्याइतके, स्वभाव तुमच्यापेक्षा शांत. माणूस आला आणि मशीन बंदरात अडकले, त्यामुळे मंगळवारपर्यंत त्यांना काम नाही. मालक बाळासो यांनी पन्हाळा-जोतिबाला न्यायला गाडी सांगितली, तर पाहुणे म्हणाले, मला काही बघायचे नाही. इथली माणसे सुट्टी जशी काढतात तशी निवांत काढायची आहे. बारावीला मी इंग्रजीत तेवढा पास आहे (बाकीचे तुम्हाला माहीत आहे), म्हणून मालकांनी मला बोलावले. "शिरशैल, पावणं खूश झालं पायजे. झालं तर तुझा कायमचा कागद टाईप करायला टाकतो. न्हाय झालं तर तुझा दाजी हायच की."

आता निवांतपणा ही गोष्ट आयत्या वेळी जमेल असा भरवसा मला नव्हता, म्हणून मी आधीच तक्ता केला. रंकाळ्यावर निवांत बसणे, उठणे, मिसळ खाणे, पुन्हा निवांत बसणे. पण रंकाळ्याच्या कठड्यावर मी सारखा घड्याळात बघतो हे पाहून पाहुण्यांनी माझे घड्याळ काढून स्वतःच्या खिशात टाकले (ते अजून तिथेच आहे, वर दिलेली वेळ स्थानकाची). तक्ता तिथेच संपला. संध्याकाळी गंगावेशीत दूध प्यायला गेलो. तिथे म्हैस समोर उभी करून धार काढतात आणि फेसाळलेला पेला तसाच हातात देतात. पाहुण्यांनी तीन पेले रिचवले आणि गवळी केरबाला माझ्यामार्फत विचारले, या गावात सगळ्यांत निवांत कोण राहते? केरबाने अंगठ्याने म्हैस दाखवली. "ही बिजली की. खाती, डुंबती, घरला येती. मालक मी न्हाय, मी हिचा गडी." मी इमानाने भाषांतर केले, ही माझी पहिली चूक. पाहुणे म्हणाले, मग उद्याचा दिवस हिच्याबरोबर.

त्याप्रमाणे रविवारी सकाळी पंचगंगेत पाहुणे विजार गुडघ्यापर्यंत दुमडून बिजलीची पाठ घासत होते आणि मी पायरीवर त्यांचे बूट धरून उभा होतो. दुपारचे जेवण मालकांच्या नागाळा पार्कातल्या बंगल्यावर होते. उशीर झाला, रिक्षा दिसेना, म्हणून मी केरबाची मोटारसायकल मागितली. तो दुसरी म्हैस धूत होता. मान वर न करता म्हणाला, "न्हे की." ही दुसरी चूक, पण ती आम्हा दोघांची. दिवाळीच्या पाडव्याला इथे मालकाच्या गाडीमागे म्हशी पळवतात आणि त्यासाठी म्हशीला त्याच एका गाडीच्या आवाजाची सवय लावतात, हे केरबाला आठवले नाही आणि मला आठ महिने कोल्हापुरात राहून ठाऊक नव्हते. बिजलीला ठाऊक होते.

गाडी पाहुणे चालवत होते (मला येत नाही). आम्ही वेग वाढवला की मागून बिजली वेग वाढवी, आम्ही हळू झालो की तिचे नाक येऊन माझ्या डाव्या खांद्यावर आदळे. लोक दुकानांतून बाहेर आले. "ए पावणं, दमानं! म्हस दमंल!" मागच्या माणसाची काळजी कोणाला नव्हती. आरशात बघून पाहुण्यांनी विचारले, दर रविवारी इथे असेच असते का? मी हो म्हणालो. दाजी, दुसरे काय म्हणणार, मला उतरता येत नव्हते.

बंगल्याच्या फाटकातून आम्ही तिघे एकदमच आत गेलो. मालकीणबाईंची शेवंती बिजलीने दोन घासांत संपवली. मालक पायरीवर येऊन उभे राहिले आणि एकदा म्हशीकडे, एकदा माझ्याकडे बघू लागले. मला तुमचे दुकान दिसू लागले. तराजू, गुळाच्या ढेपा, सगळे स्वच्छ दिसले. तेवढ्यात मालकांच्या आई, झुंबरबाई, हातात बादली घेऊन बाहेर आल्या. "धा वर्सं झाली पेठ सोडून ह्या बंगल्यात बसल्याली. आज कोणतरी आपल्या माणसातलं आलं!" म्हशीच्या पाठीवर थाप मारून त्या खाली बसल्या, पाहुण्यांनी बादली धरली आणि अवेळी का होईना, बिजलीने पान्हा सोडला. मग पाहुणे तांबडा रस्सा प्याले, मी भाकरी-ठेचा खाल्ला. मालक हसले की नाही ते मिशांमुळे नक्की सांगता येत नाही. म्हणाले, "आजचा दीस धरायचा न्हाय, बागंचं वाटुळं झालंय. उद्या सोमवार, कारखान्याला सुट्टी हाय, म्हस नसंल तिकडं ने. मंगळवारी पावणं हसत आलं की कागद टाईप."

संध्याकाळी पाहुण्यांनी मला विचारले, तू दोन दिवस नुसता उभाच आहेस, तू स्वतः कुठे निवांत असतोस? इतक्या अचानक विचारल्यामुळे खरे उत्तर तोंडून गेले. मी म्हणालो, दाजींच्या दुकानात. दुपारी फळी अर्धी लावलेली असते, दाजी गल्ल्यावर बसूनच घोरतात, मागे रिकाम्या पोत्यांवर मी पडलेला असतो आणि अक्का ताक घेऊन येते. पाहुणे म्हणाले, तिथेच जाऊ.

अक्काला नमस्कार, लहान दानेश्वरीला आशीर्वाद.

तुमचा,
श्रीशैल

ता. क. : हे पत्र साडेनऊच्या गाडीच्या कंडक्टरकडे देत आहे. आम्ही दोघे दहाच्या गाडीने येतो. दुसरी पिशवी त्यांची. फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला नको म्हणता आले असते. कृपया दुपारी फळी अर्धी लावावी आणि नेहमीसारखे घोरावे.

ता. क. दुसरा : पाहुणे तुमच्याकडे खूश झाले की मी इकडे कायम होतो आणि तुमच्या गल्ल्यावर बसायला येत नाही, हे आता लिहिताना लक्षात आले. तरीही ताक थंडच मिळेल अशी खात्री आहे.

हिशेब : खर्च, दूध-मिसळ-पेट्रोल मिळून एकशे बेचाळीस रुपये. देणे, केरबाला एक वेळचे दूध. मालकीणबाईंना शेवंतीची रोपे. तुम्हाला गल्ल्यावर बसायला एक माणूस. शोधतो.