शेजारची बाई

बॉस्टन, ४ मे १९९८

प्रिय नॅब्लाताई हिस,
कोनलचा स. न. वि. वि.

तुझ्या नाताळच्या पत्राला मे महिन्यात उत्तर देतोय, रागावू नकोस. माझी शेनन जूनमध्ये तिकडे येतेय. दोन वर्षांपूर्वी तिची आई मार्जरी गेली, तेव्हापासून पोरीने ध्यास घेतलाय की आपली मुळं शोधायची. महिनाभर तुझ्याकडे राहील. तिला जुनी गाणी ऐकव, गवती छपराचं घर दाखव, दलदलीतून जळणाचं पीट कसं खणतात ते दाखव. आपली आयरिश तिच्या कानावर पडू दे. मी विसरलोच आहे.

ती खूप प्रश्न विचारते. आपल्या आईबद्दल विचारलं तर फार खोलात शिरू नकोस. गेलेल्या माणसाचं काय उकरायचं?

गुडघा सांभाळ. आहे तेवढी माया राहू दे.

तुझा,
कोनल

*

मीनदारा, डोनेगल, २१ जून १९९८

चि. कोनल यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं कन्यारत्न पोचलं. आपल्याकडे पोरींना नद्यांची नावं देत नाहीत, आणि द्यायचंच होतं तर निदान आपल्या डोनेगलातली नदी तरी शोधायचीस. पावसासाठी चार कोट आणलेत. पाऊस आला की घरात बसते.

गवती छपराचं घर कुठे म्हणाली. गोठ्यामागे छप्पर गेलेल्या चार भिंती आहेत, त्या दाखवल्या. तिने भिंतीला गाल लावला आणि रडायला लागली. शेजारचा ह्यूडी कुंपणापलीकडून बघत होता. तो म्हणाला, पोरी, ती भिंत माझ्या बापाने छप्पन्न साली डुकरांसाठी बांधलीय. तिने त्याचाही फोटो काढला.

शनिवारी पबमध्ये नेलं. बसभर अमेरिकन डोळे मिटून माना डोलवत होते. वाजवणारा डब्लिनचा. गावातले आम्ही सगळे मागच्या खोलीत टीव्हीवर फुटबॉल बघत होतो. आणि आपण राजघराण्यातले, असं तू तिला सांगितलंयस म्हणे. कोनल, आपले बाबा रस्त्यावरचा डांबराचा रोलर चालवायचे. राजाने कधी रोलर चालवल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

हसून झालं. आता पुढचं.

मार्जरीच्या कपाटातले फोटो तिने सोबत आणलेत, इथल्या माणसांची ओळख पटवायला. त्यात एक चौऱ्याहत्तर सालचा. डंगलोच्या हॉटेलच्या पायरीवर तू पांढऱ्या कोटात, आणि शेजारी काळी शाल पांघरलेली बाई. मागे मार्जरीच्या अक्षरात लिहिलंय, कोनल आणि त्याला लहानपणी सांभाळणारी शेजारची बाई. शेननने मला विचारलं, ही शेजारीण अजून आहे का, मला तिला भेटायचंय.

माझ्याकडे आईचा एकही फोटो नव्हता, तुला माहीत आहे. कॅमेरा दिसला की ती तोंड फिरवायची. ती गेल्याला एकवीस वर्षं झाली, आणि आज ती माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरून माझ्याकडे बघत होती. मी शेननला जवळ बसवलं. मग सांगितलं, ही तुझी आजी.

खोलात शिरू नकोस म्हणाला होतास. मी शिरले नाही.

काय लोभ ठेवायचा तो ठेव.

नॅब्ला

*

बॉस्टन, ३० जून १९९८

प्रिय ताई,
नमस्कार.

शेननचा फोन आला होता. मी दोनदा नाव घेतलं, तिने फोन ठेवला.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. मार्जरीचे आईवडील हॉटेलात टेबलाशी बसले होते. आई तुला घेऊन न सांगता आली, पायात बाबांचे रबरी बूट, शालीला पीटच्या धुराचा वास. सासऱ्यांनी विचारलं, ही कोण. तोंडातून निघून गेलं. त्यानंतर रोज वाटायचं, उद्या मार्जरीला खरं सांगू. मग आई गेली, आणि सांगायला तोंड उरलं नाही. पुरायलाही त्यामुळेच आलो नाही.

एवढंच बरं की आईला इंग्रजी येत नव्हतं. तिने तुला विचारलं, तो काय म्हणाला, आणि तू आयरिशमध्ये सांगितलंस, हिनेच आम्हाला वाढवलं असं म्हणाला. ते उपकार मी विसरलो नाही. शेननला माझ्या बाजूने चार शब्द सांगशील? आणि मी येऊ का तिकडे?

तुझा,
कोनल

*

मीनदारा, ११ जुलै १९९८

कोनल,
आशीर्वाद.

आईला इंग्रजी येत होतं. लग्नाआधी पाच हंगाम ती स्कॉटलंडला बटाटे काढायला जायची. तिथे मुकादम शिव्या द्यायचा त्या काय आयरिशमध्ये देत होता? तिला सगळं समजायचं, बोलायची तेवढी लाज वाटायची. तू कधी विचारलं नाहीस, म्हणून तुला माहीत नाही.

परतीच्या बसमध्ये ती मला म्हणाली, तू सांगितलंस ते त्याच्यापेक्षा बरं सांगितलंस. गाव आल्यावर म्हणाली, फार वाळलाय, ती बाई त्याला पोटभर बटाटे घालत नसेल. दुसऱ्या दिवशी रविवार होता. चर्चच्या दारात जो भेटेल त्याला सांगत होती, कोनलने सासरच्या लोकांसमोर माझी ओळख करून दिली. मी शेजारी उभी राहून मान हलवत होते. तुझी लाज तिने झाकली, तीन वर्षं, मरेपर्यंत. तू मात्र अजून तुझ्या सासऱ्याचंच सांगतोयस.

चार शब्द शेननला तुझे तू सांग. ती इथेच आहे, मुक्काम वाढवलाय. ह्यूडीबरोबर पीट रचायला जाते. तळहात सोलवटलेत, आणि आयरिश अशी बोलते की गाय दूध चोरेल. तरी बोलते.

येऊ का म्हणून मला विचारू नकोस. यायचं तर ये. इथे अजून माणसाला आईबापाच्या नावाने ओळखतात. मी अठ्ठावन्न वर्षांची झाले तरी आईच्या नावाने सोरखाची नॅब्लाच आहे. चर्चच्या दारात म्हातारे तुला विचारतील, तू कुणाचा. उत्तर आयरिशमध्ये द्यावं लागेल, आणि तिचं नाव घेऊन. जमणार असेल तर तिकीट काढ.

परवा ह्यूडीने शेतातून हाक मारली, सोरखाची नात, किटली आण गं. शेनन लगेच वळली.

लोभाचं तू आल्यावर बघू.

नॅब्ला