पेटी बोलल्याशिवाय ताट नाही

करमाड,
जि. छत्रपती संभाजीनगर

प्रिय इंद्रजीत,

नाव घेतलं म्हणून रागावू नका. घरात 'अहो'शिवाय तोंड उघडत नाही, पण कागदावर कोण बघतंय? फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुमच्या खोलीतली सगळी पोरं ऐकत असतात, इकडं नाना खाटेवरून कान देऊन असतात. तुम्ही 'बरी आहेस ना?' विचारता, मी 'व्हय' म्हणते आणि बोलणं संपतं. आज मला लई सांगायचंय आणि मध्ये कुणी बोललेलं नकोय.

तुम्ही वापीला गेलात तेव्हा पैसे बद्रीनाथच्या हाती यायचे, आठवतं ना? तो ट्रॅव्हल्सची गाडी घेऊन इकडं येणार, तेव्हा पैसे येणार. ते नानांच्या बंडीच्या खिशात जाणार, आणि मग आपल्या सईच्या वहीसाठीसुद्धा मी उंबऱ्यात उभी राहणार. तुमचे वडील वाईट नाहीत, कधी नाही म्हटलं नाही त्यांनी. पण मागावं लागायचं. मग तुम्ही दिवाळीत पहिल्यांदा माझ्या खात्यावर पैसे पाठवलेत. मी टँकरच्या रांगेत होते, हंडा काखेत, आणि फोन थरथरला. तुमचं नाव दिसलं, खाली रक्कम. मी दोनदा वाचलं. मागच्या बाईनं ढकललं तरी हलले नाही! घरी येऊन नानांना दाखवलं तर त्यांनी फोन उलटा करून पाठीमागून बघितला. "ह्यात कुठं हायेत पैसे?" म्हणाले. आणि मग बंडीचा रिकामा खिसा चाचपत बसले. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

आता तुम्हाला न सांगितलेली गोष्ट. नीट बसा. त्या पैशांतून घरखर्च भागवून थोडं थोडं बाजूला पडत गेलं, आणि संक्रांत झाल्यावर मी शेंद्र्याच्या फाट्यावर खानावळ सुरू केली! गीताबाईचं चहाचं पत्र्याचं शेड आहे ना, तिनं अर्धी जागा मला दिली. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, एखादी भाजी. तुम्ही गेलात तेव्हाचा फाटा आता ओळखू येणार नाही. आपल्या विहिरीला तळ दिसतो, पण रस्त्याच्या पलीकडं इमारतींवर मजले चढतच आहेत. नवीन कंपन्यांची माणसं कुठून कुठून आलीत, आणि कुणाच्याच खिशात नोटा नसतात. जेवतात, भिंतीवरच्या चौकोनाला फोन दाखवतात, निघतात. सुट्ट्याची कटकटच नाही. बँकेच्या माणसानं एक बोलकी पेटीसुद्धा दिली. पैसे जमा झाले की ती मोठ्यानं मराठीत सांगते. पहिल्यांदा बोलली तेव्हा माझ्या हातातली भाकरी वाकडी झाली! दरभंग्याचा एक वेल्डर आहे, तो पगाराच्या दिवशी पहिला घास घ्यायच्या आधी आईला पैसे पाठवतो. मग तिला व्हिडिओवर माझा ठेचा दाखवतो आणि म्हणतो, "अम्मा, यहाँ के लोग आग खाते हैं." त्याला बघितलं की तुम्ही तिथं काय खात असाल, हे मनात येतं. म्हणून त्याला अर्धी भाकरी जास्त वाढते.

नानांना पेटीचा लई राग. "सुनेची कमाई चव्हाट्यावर वरडून सांगायची? आपल्या घराण्यात असं झालं नाय," म्हणाले, आणि माझ्याशी बोलणं टाकलं. मी खानावळ बंद करणार नव्हते, रोज त्यांची भाकरी झाकून ठेवायची आणि निघायचे. मग एक दिवस सईला शाळेतून घेऊन ते फाट्यावर आले आणि उन्हामुळं बाकड्यावर टेकले. तेवढ्यात टेम्पोवाले तिघं जेवून उठले. एकानं मला फोन दाखवला. "पैसे गेले बाई, हे बघा." पडद्यावर हिरवी खूण होती. पेटी मात्र गप्प. मी म्हटलं, "पेटी बोलली नाही." तो खेकसला, "तुमची पेटी बिघडली तर मी दोनदा देऊ का?" सगळे माझ्याकडं बघत होते. मी पिठाचे हात पदराला पुसले आणि म्हटलं, "पेटी बोलल्याशिवाय ताट नाही. तुम्ही जेवलात, आता ती बोलेपर्यंत थांबा." तेवढ्यात नाना काठी टेकत उठले आणि त्याच्यासमोर उभे राहिले. "दिसती ती खूण कालचीबी असंल. माझ्या सुनेनं चुलीपुढं अंग भाजून घेतलंय. टाक पैसे." त्यानं मान खाली घालून परत फोन दाबला आणि पेटी अशी खणखणीत बोलली की काय सांगू! सगळं शेड हसलं, सगळ्यात मोठ्यानं नाना. आता ते रोज पेटीशेजारीच बसतात. ती बोलली की मागून म्हणतात, "ऐकलं का सोनिया?" जसं काही मला ऐकूच येत नाही.

परवा तुम्ही फोनवर म्हणालात, ठेकेदार आणखी दोन वर्षांचं विचारतोय, हो म्हणू का, नाहीतर ह्या असल्या सालात घर कसं चालंल? मी गप्प राहिले. ते माझं 'हो' नव्हतं, एवढंच सांगायला हे पत्र लिहिलं. घर चालतंय. एका कंपनीनं तिच्या माणसांचे डबे मागितलेत, ते पोचवायला माणूस लागेल. पगारी माणूस इथं कुणीही मिळेल, पण मला तो नकोय. आजवर पैसा तुमच्याकडून माझ्याकडं आला. आज सकाळी मी पहिल्यांदा इकडून तिकडं पाठवलाय. पत्र पोचेपर्यंत फोनवर दिसले असतील, तुमच्या तिकिटाचे आहेत ते. पाऊस झाला की येतो, असं म्हणू नका. दुष्काळातच या.

तुमचीच,
सोनिया