तिथी कोणी सांगितली?

वेसावे कोळीवाडा, अंधेरी (प.)
१० फेब्रुवारी २०२६

प्रिय कल्पिता,

पत्र बघून हसू नकोस. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, तेव्हा कुरियरवाल्याशिवाय माझ्याकडे दुसरा मार्ग नाही. इकडे सगळे बरे आहेत. आईचे गुडघे कुरकुरतात, पण बाजारातली जागा काही सोडत नाही. काकी, तुझी आई, परवा दारात सोडे निवडत बसली होती. माझ्याशी बोलली नाही, पण तोंडही फिरवलं नाही. म्हणजे प्रगती आहे.

सध्या अष्टमीचं भांग आहे. भरती-ओहोटीच्या पाण्याला जोर नाही, बोटी किनाऱ्याला, म्हणून सकाळीच लिहायला बसले.

बातमी अशी, की आम्ही केस जिंकलो! दिल्लीच्या स्पर्धा आयोगाचा निकाल काल आला. तुझ्या कंपनीने (सॉरी, तू ती कधीच सोडलीस असं ऐकलं) आपल्या अ‍ॅपवरच्या छोट्या दुकानदारांची विक्री बघून बघून तसाच स्वतःचा माल काढला, तोच वर दाखवला आणि आम्हाला खाली ढकललं, हे आयोगाने मान्य केलंय. यापुढे त्यांना तसं करता येणार नाही. अनुपमा वकीलबाई फोनवर वाचून दाखवत होत्या तेव्हा मी बोंबील कापत होते. कोयता ठेवला आणि ओट्याशीच बसून रडले. झकास रडले.

पण ते निकालासाठी नव्हतं. ते सांगायलाच पत्र लिहितेय आणि मघापासून गुडघे आणि सोडे करत बसलेय.

माझं दुकान त्या अ‍ॅपवर चढवलं तूच. फोटो तू काढलेस, मासळी ओली दिसावी म्हणून वर पाणी मारलंस. एका वेळच्या कालवणाचा वाटा ही कल्पना माझी. भांगात ताजी मासळी कमी, तर ते चार दिवस सोडे-सुकटीचा वाटा, हीही माझीच. दोन वर्षं छान चाललं. मग कंपनीच्या नावाचे वाटे आले. तेही चालले असते गं, पण त्यांचे सुक्या मासळीचे वाटे नेमके भांगाच्या आदल्या दिवशी वर यायला लागले. आई म्हणाली, "आष्टमीला भांग लागतं, ह्या कंपनीला कोन सांगंल गो? आपल्यातलाच कोनतरी."

आपल्यातली त्या कंपनीच्या विक्रोळीच्या ऑफिसात एकच होती.

तुला एका शब्दाने विचारलं नाही मी. नारळी पुनवेला सगळ्या बायकांसमोर तुझ्या हातातला नारळ काढून घेतला आणि म्हणाले, "तू कंपनीची, आमची नाय." तू तशीच मागे फिरलीस. त्यानंतर मुलुंडहून इकडे पाऊल टाकलं नाहीस. अडीच वर्षं झाली.

निकालात पान एकशे बारावर माझं दुकान आहे. कंपनीचा तक्ता आहे तो. तारखा, तासातासाची विक्री, दर पंधरवड्याला कुठल्या दिवसांत ताजं उतरतं आणि सुकं चढतं. त्यांच्या मशीनने माझंच दुकान वाचत ठेवलं होतं. त्यात अष्टमी नाही, भांग नाही, समुद्रसुद्धा नाही. कोणी काही सांगितलंच नव्हतं, कल्पिता. रोज सकाळी दुकान उघडून मीच सांगत होते. तिथी माणसानेच सांगावी लागते असं आपल्याला वाटतं, म्हणून मी माणूस शोधत बसले. आणि घरातलंच धरलं.

आता खरं ते. तक्रारीच्या पहिल्या कागदावर मी तुझं नाव लिहिलं होतं. 'माझी चुलत बहीण कल्पिता हिने आमची पद्धत कंपनीला सांगितली.' खाली सही. अनुपमाबाईंनी विचारलं, "तुम्ही पाहिलंत?" मी म्हटलं, "दुसरं कोण असणार?" त्यांनी पेनाने सरळ ती ओळ खोडली. "असणारबिसणार इथे चालत नाही, रोशनी." तेव्हा मी इतकी चिडले होते त्यांच्यावर! काल त्यांनाच म्हटलं, बाई, तुमची ती एक रेघ नसती तर मेले असते मी. खरंच, कालपासून नीट श्वास घेतेय. ती ओळ दिल्लीला गेली नाही. कुठेच गेली नाही.

तो खोडलेला कागद सोबत जोडलाय. मला फाडता आला असता, पण तो फाडायचा हक्क तुझा.

आईला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पोरीला बोलव."

दोन मार्चला होळी आहे. नारळी पुनवेच्या त्या सगळ्या बायका होळीपाशी असतील, त्यांच्यासमोर तुझ्या हातात नारळ द्यायचाय मला. नाही आलीस तर दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन मुलुंडला येईन. बिल्डिंगच्या गेटवरच उभी राहीन, वॉचमनने हाकललं तरी.

एकदाही न विचारता तुझं नाव लिहिणारी,
तुझी बहीण
रोशनी