गावाला आवडणारं हसू

३ मार्च
पोचले एकदाची विल्गा क्रॉसिंगला, या आडगावात! किनाऱ्यावरचं आंबे तोडायचं काम संपलं, म्हटलं आता डॉक्टरांची गाडी चालवून बघू. वाटेत इमू दिसले, त्यांच्यामागे भटकले, म्हणून उशीर. डॉक्टर रोवेना पास्को रागावल्या नाहीत. दवाखान्यामागच्या घरात खोली दिली, टोस्टला व्हेजिमाइट, ते काळं खारट चाटण, फासून दिलं आणि सरळ सांगितलं, की त्या ऑटिस्टिक आहेत. बोलताना बोटं नाचवतात, नजर टाळतात, वाईट वाटून घ्यायचं नाही. मी म्हटलं, माझंही डोकं एका जागी बसत नाही. शाळेने त्याला एडीएचडी म्हटलं नि मला घरी धाडलं. त्या म्हणाल्या, मग झ्याक! घरात दोघींनी सोंग घ्यायचं नाही.

९ मार्च
इथे आधीच्या डॉक्टरांचं भारी कौतुक. लोकर कातरणारा क्लाइव्ह बाईंना तोंडावर म्हणाला, औषध फर्मास देता हो, पण चेहरा म्हणजे बर्फातला मासा! जुने डॉक्टर कसे हसायचे! दवाखाना सांभाळणारी मोइरा म्हणे, हस की गं जरा, दात झिजत नाहीत. आता बाई गाडीच्या आरशात हसायचा सराव करतात. मोइराने करून दाखवलेलं, जुन्या डॉक्टरांचं हसू, शेवटी वर चढणारं.

१७ मार्च
जमलं. गाव खूश, क्लाइव्हने मटण धाडलं. बाई मात्र घरी येऊन फरशीवर पडून राहतात. बोटं नाचत नाहीत. दुपारी डोळा लागला तेव्हाही तोंड हसरंच. गालाला हात लावला. लाकूड.

२२ मार्च
सकाळी कशाबशा पुटपुटल्या, संपलेय मी, सुट्टी मागते. त्यांना इथे नेमणाऱ्या शहरातल्या साहेबांना फोन लावला. त्यांनी विचारलं, कसं चाललंय? बाईंनी तोंड उघडलं आणि ते हसू बाहेर पडलं. मजेत! काळजी नको! डोळ्यांतून पाणी वाहत होतं. फोन ठेवल्यावरही हसू थांबेना. मोइराला सांगायला धावले. तीही हसली. तसंच.

२४ मार्च
खात नाहीत, झोपत नाहीत, नुसतं हसणं. अशा मरतील. उद्या गाडीत घालून किनाऱ्याला, त्यांच्या बहिणीकडे.

२५ मार्च
पेट्रोल पंपावर पोऱ्या म्हणाला, कसं काय? सांगायचं होतं, बाई मरतायत, मदत कर— मी हसले. विनोद नव्हता— पुन्हा हसले— शेवटी वर चढत—

२६ मार्च
गाडी परत विल्ग्यात. मीच वळवली बहुतेक— तोंड ऐकत नाही. हात अजून माझा. लिहून ठेवते, कुणीतरी वाचेल. डॉक्टर पास्को फार—
फार मजेत आहेत.
खोडलं. पुन्हा. बाईंना इथून—
इथे आवडतं. मलाही. काळजी नको. खरं तर—